पटावर पाच विद्यार्थिनी

शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिक समारंभात अहवालवाचन नावाचा एक कार्यक्रम असतो. पाहुण्यांचा परिचय आणि बक्षीस समारंभ यांच्या मधल्या जागेत तो बसवलेला असतो, आणि सभागृहातली निम्मी मंडळी तेवढ्या वेळात आपापसांत बोलून घेतात. आम्हांला अधूनमधून पाहुणे म्हणून अशा समारंभांना जावे लागते. मुलींच्या महाविद्यालयाचा अहवाल असला तर त्यात पटसंख्या किती वाढली, निकाल किती टक्के लागला, खो-खोच्या संघाने कोणती ढाल आणली, हे सगळे ओळीने येते. प्रयोगशाळेत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण आमचे मन टक्क्यांवर अडखळते. टक्के ठीक आहेत, पण छेदस्थानी काय आहे? परीक्षेला बसलेल्या मुली, वर्षारंभी नाव घातलेल्या मुली, की पंचक्रोशीतल्या त्या वयाच्या सगळ्या मुली? छेद बदलला की प्रगतीचा अर्थच बदलतो.

हा प्रश्न ज्या वर्षाच्या बाबतीत विचारावासा वाटतो ते वर्ष १९१६-१७. भारतातल्या पहिल्या महिला विद्यापीठाचे ते पहिले वर्ष. पुण्याजवळ हिंगण्याला महिला पाठशाळा या नावाने त्याचे महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पटावर पाच विद्यार्थिनी होत्या. पाचांतली एक नापास झाली तर निकाल ऐंशी टक्के, एकीने मध्येच सोडले तर गळती वीस टक्के! इतक्या लहान संख्येवर टक्केवारी काढणे म्हणजे दोन थेंबांवरून पावसाची सरासरी काढण्यासारखे आहे. पण छेदस्थानी देश घेतला तर हीच पाच संख्या वेगळे बोलू लागते. १९११च्या जनगणनेत हिंदुस्थानातल्या दर हजार स्त्रियांमागे जेमतेम दहा स्त्रियांना लिहितावाचता येत होते.

ही कथा पुण्याची म्हणून सांगितली जात असली तरी तिची मुळे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. जयगडच्या किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की खाली शास्त्री नदी समुद्राला मिळताना दिसते. याच खाडीने आत गेले की संगमेश्वर लागते आणि त्या तालुक्यात देवरुख. घाटरस्ते कच्चे होते आणि कोकणात रेल्वे नव्हती, तेव्हा या बाजूच्या माणसांची मुंबईची एक मुख्य वाट खाडीने जयगडला येऊन तिथे आगबोट धरण्याची होती. पावसाळ्यात आगबोटी बंद पडल्या की ही वाटही बंद. उत्तरेला दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या लोकांचेही तेच. मुरुडच्या धोंडो केशव कर्वे नावाच्या मुलाला १८७५ साली सहावीच्या परीक्षेला जायचे होते. मुंबईची बोट मिळेना, म्हणून तो सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून सुमारे ११० मैल पायी साताऱ्याला गेला. तिथे परीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले आणि तो सतरा वर्षांचा वाटत नाही म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. परीक्षेचे दार बंद होणे म्हणजे काय, हे कर्व्यांना अशा रीतीने स्वतःच्या पायांनी कळले होते.

देवरुखची कथा दोन बहिणींची आहे. गोदूबाई जोशी लहानपणीच विधवा झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्यांत दाखल झालेली ही पहिली विधवा विद्यार्थिनी. कर्व्यांनी १८९३ साली त्यांच्याशी पुनर्विवाह केला आणि मुरुडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या आनंदीबाई कर्वे झाल्या, पुढे सगळ्यांच्या बाया. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाली, पदरी एक मुलगा. वयाच्या ज्या टप्प्यावर आपण शिक्षण संपले म्हणतो, त्या टप्प्यावर या बाईंनी पाटी हातात घेतली. आश्रमाच्या त्या व्यवस्थापिका झाल्या, संस्थेसाठी गावोगाव निधी जमवत हिंडल्या आणि १९१८ साली इंग्रजी शिकायला थेट अमेरिकेला गेल्या. कोणत्याही वार्षिक अहवालात अशी प्रगती कोणत्या रकान्यात लिहायची, असा आम्हांला प्रश्न पडतो.

कर्वे पेशाने गणिताचे प्राध्यापक. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी.ए. झाले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर गणिताची जागा रिकामी झाली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी बोलावल्यावरून कर्वे १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९१४पर्यंत तिथे शिकवत राहिले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. पुण्यात प्लेग आल्यावर १९०० साली आश्रम गावाबाहेर हिंगण्याला नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेली सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये एवढ्यावर तिथली पहिली झोपडी उभी राहिली. दिवसा फर्ग्युसनमध्ये तास घ्यायचे आणि संध्याकाळी सामानसुमान घेऊन चार मैल चालत हिंगण्याला जायचे, असा त्यांचा क्रम होता. पै-पैचा हिशेब ठेवून तो लोकांपुढे मांडायची त्यांची शिस्त पक्की होती. समाज विरुद्ध असताना लोकांनी पैसे दिले याचे एक कारण हा हिशेब असावा.

१९१५च्या सुमारास कर्व्यांच्या हाती तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली काढलेली ती संस्था. त्याच वर्षाअखेर मुंबईत भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले आणि आपल्या भाषणात त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी विद्यापीठ स्थापनही झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती आणि रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू. परांजपेही दापोली तालुक्यातलेच, मुर्डीचे आणि कर्व्यांच्या नात्यातले. १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर म्हणजे पहिल्यात पहिले आलेले हे गृहस्थ. शिकवण्याचे माध्यम मातृभाषा, मात्र इंग्रजी विषय सक्तीचा, असे ठरले. इंग्रजीच्या सक्तीला गांधीजींचा आक्षेप होता. तो त्यांनी सांगितला, आणि वर्षाला दहा रुपये वर्गणी देण्याचेही कबूल केले.

आता खरा मुद्दा. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, बालमानसशास्त्र असे विषय या विद्यापीठाने आवश्यक मानले. गणित आणि भौतिकशास्त्रे मात्र ऐच्छिक ठेवली. संस्थापक गणिताचा प्राध्यापक, कुलगुरू सीनियर रँग्लर, आणि मुलींसाठी गणित ऐच्छिक!

विज्ञानाच्या माणसाला हे पहिल्यांदा वाचले की रागच येतो. आम्हांलाही आला होता. आगरकरांनी तर १८९५ साली निधन होण्यापूर्वीच मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र द्यावे असे लिहून ठेवले होते. मग वीस वर्षांनी मुलींसाठी वेगळा आणि सौम्य अभ्यासक्रम कशासाठी?

पण त्या पटावरच्या मुली डोळ्यांपुढे आणल्या की राग थोडा निवळतो. हिंगण्याला येणाऱ्या कित्येकजणी वयाने वाढलेल्या, अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्या, घरच्यांचा रोष पत्करून आलेल्या होत्या. परकी भाषा आणि बीजगणित असे दोन उंबरठे एकदम ओलांडायला लावले असते तर पाचही उरल्या असत्या की नाही, कोण जाणे. वीसेक वर्षे वर्गावर गणित शिकवलेल्या माणसाला हा विषय किती जणांना परीक्षेबाहेर ठेवतो याचा अंदाज असणारच. ऐच्छिक म्हणजे मनाई नव्हे, हेही खरे.

दुसरे असे की आरोग्यशास्त्र म्हणजे कमी प्रतीचे विज्ञान, ही समजूत आपली आहे. त्या काळी देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांतली दोनशेच्या आसपास वर्ष पुरे होण्याआधीच दगावत होती. पाणी उकळून का प्यावे, बाळाची नाळ स्वच्छ हत्याराने का कापावी, देवी काढून का घ्याव्यात, हे जिला जंतुशास्त्राच्या आधाराने समजले आहे, अशी एक बाई गावात असणे ही केवढी मोठी गोष्ट! १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ तर विद्यापीठाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच आली. पुस्तकातला ऑक्सिजन तयार करण्याचा प्रयोग आणि घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा यांत विज्ञान कुठे जास्त आहे, हा प्रश्न आपण विज्ञानशिक्षकांनी स्वतःला विचारून पाहण्याजोगा आहे.

एवढे सगळे मान्य करूनही एक हिशेब उरतोच. जे ऐच्छिक असते ते हळूहळू शिकवले जाईनासे होते. शिक्षक नेमला जात नाही, प्रयोगशाळा बांधली जात नाही, आणि काही वर्षांनी 'मुलींना ते आवडत नाही' असे म्हणायला पुरावाही तयार होतो. कुलगुरू परांजप्यांची स्वतःची कन्या शकुंतला केंब्रिजला गेली आणि १९२९ साली न्यूनहॅम कॉलेजातून गणिताची ट्रायपॉस झाली. म्हणजे घरातल्या मुलीला गणित झेपते याची साक्ष घरातच होती. (त्याच केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ साल उजाडावे लागले, तेव्हा मागासलेपण काही एकट्या पुण्याचे नव्हते.) कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी १९३३ साली मुंबई विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली. बंगलोरच्या संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारल्यावर त्या हटून बसल्या, अटी स्वीकारून आत शिरल्या, आणि १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. ही वाट मुलांच्याच अभ्यासक्रमातून गेली होती. महिला विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून तिथे पोचणे फार कठीण होते. आमच्या मते कर्व्यांचे पाऊल १९१६ साली बरोबर होते. चूक झाली असेल तर ती दर काही वर्षांनी त्याचा फेरविचार न होण्यात.

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या नावे पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. साडेतीन टक्के दराने या रकमेचे वर्षाचे व्याज साडेबावन्न हजार होते. शिक्षकांनी सरळव्याजाचे उदाहरण म्हणून हे वर्गात घालायला हरकत नाही. तरी निधी पुरत नव्हता. १९२९ साली एकाहत्तराव्या वर्षी कर्वे परदेशात संस्थेची माहिती सांगत हिंडले. त्या फेरीत बर्लिनला ते आइन्स्टाइनना भेटले. विद्यापीठ १९३६ साली मुंबईला गेले. सरकारी मान्यता मात्र १९४९च्या कायद्याने ठरली आणि १९५१पासून अमलात आली. तोपर्यंतच्या 'गृहीतागमा', म्हणजे या विद्यापीठाच्या पदवीधर, यांना नोकरीच्या दारात आपली पदवी काय आहे हे समजावून सांगावे लागे. पस्तीस वर्षांच्या अहवालांत उत्तीर्ण म्हणून नोंदलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हाही एक छेदच होता.

हिंगण्याच्या त्याच माळावर, ज्याला आता कर्वेनगर म्हणतात, कर्व्यांच्या मूळ संस्थेने १९९१ साली मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. तिथे पहिल्या सत्रापासून गणित सक्तीचे आहे. फेरविचार झाला, पण त्याला पंचाहत्तर वर्षे लागली. रत्नागिरीजवळ शिरगावलाही याच संस्थेचे मुलींसाठी संगणकशास्त्राचे बी.सी.ए. महाविद्यालय आहे. म्हणजे जी वाट एके काळी रत्नागिरीहून पुण्याला गेली, ती परत आली.

जयगडहून रत्नागिरी एस.टी.ने तासा-दीड तासावर. कोळ्यांच्या, खारव्यांच्या, बंदरावर मजुरी करणाऱ्यांच्या घरातली एखादी मुलगी बारावी होते, तेव्हा ती पुढे जाते की नाही हे तिच्या गुणांइतकेच सकाळच्या गाडीच्या वेळेवर, वसतिगृहातल्या खाटेवर आणि अकरावीला तिने गणित घेतले होते की सोडले होते यावर ठरते. आमची शिक्षकांना एक विनंती आहे. पुढच्या संमेलनाचा अहवाल लिहाल तेव्हा निकालाच्या टक्क्यांखाली आणखी दोन ओळी घाला: वर्षारंभी नाव घालूनही परीक्षेला न पोचलेल्या मुली किती, आणि गणित सोडलेल्या मुली किती. आकडे लहान असतील, पाच-सातच असतील. टक्केवारी काढू नका, नुसती संख्या लिहा, आणि शक्य असेल तर प्रत्येकीपुढे कारण.