दुधाच्या हिशेबाखाली

आमच्या घरात जुनी कालनिर्णयं रद्दीत जात नाहीत. दूध किती, गॅस कधी लावला, लाइटबिल कधी भरलं, हे तुमच्याही घरी तारखेच्या चौकोनात लिहिलेलं असेल. आमच्याकडे २०१० पासून त्याच चौकोनांत, दुधाच्या आकड्याखाली, आईच्या बारीक अक्षरात आणखी काही असतं. 'रात्री २ ला उठला, ५ पर्यंत जागा.' 'भोंगा. कान.' 'नवी चप्पल नाही घातली.' 'पाणी म्हणाला!' ते उद्गारचिन्ह आईने दोनदा गिरवलंय. बाबू तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता.

बाबू माझा धाकटा भाऊ. हे त्याचं घरातलं नाव, खरं लिहीत नाही. तो स्वमग्न आहे. २०२५ च्या पावसाळ्यात त्याला अठरा पूर्ण झाली आणि मी ही सगळी कालनिर्णयं माळ्यावरून खाली काढली. का, ते पुढे सांगते.

इतिहास म्हटलं की महाडकडचा माणूस दोनच दिशांना हात दाखवतो. वर रायगड, आणि खाली चवदार तळं, १९२७. दोन्ही मोठेच. पण घरात जे चाललंय त्याला नाव मिळायला किती वर्षं लागतात, त्या नावाचा सरकारी कागद व्हायला किती, आणि तो कागद काळ नदी ओलांडून बिरवाडीत यायला किती, हाही इतिहासच आहे. फक्त त्याच्या सहली निघत नाहीत.

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातून, फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावातून एका वकिलाने बाल्टिमोरच्या डॉक्टरला पत्र पाठवलं. टाइप केलेली ३३ पानं. डॉक्टर होते लिओ कॅनर आणि पत्र होतं वकिलाच्या मुलाबद्दल, पाचेक वर्षांच्या डोनाल्ड ट्रिपलेटबद्दल. तो काय खातो, कशाने चिडतो, कोणती वाक्यं जशीच्या तशी परत म्हणतो, वस्तू कशा फिरवत बसतो. कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवर जो निबंध छापला, त्यात पहिला मुलगा डोनाल्ड. 'ऑटिझम' आज आपण ज्या अर्थाने म्हणतो, तो तिथून सुरू झाला. म्हणजे या सगळ्याच्या मुळाशी असलेला कागद डॉक्टरचा नाही, एका बापाचा आहे.

मी हे आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तेहतीस पानं? घरात नोकरचाकर असतील." होतेही. डोनाल्डच्या आईचं माहेर बँकवाल्यांचं होतं.

पण पुढे याच कॅनरच्या लिखाणातून एक विषारी कल्पना बाहेर पडली: या मुलांचे आईबाप थंड, फ्रिजसारखे. ब्रुनो बेटलहाइमने १९६७ मध्ये 'द एम्प्टी फोर्ट्रेस' हे पुस्तक लिहून ती घरोघरी नेली. आईने मनातून नाकारलं म्हणून मूल आत मिटलं, असा तो सिद्धांत. तो खोडून काढायला पुढे आले ते बर्नार्ड रिमलंड, स्वतः अशा मुलाचे वडील. त्यांचं पुस्तक १९६४ चं, बेटलहाइमच्याही आधीचं. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी संघटना काढली, त्यात लोर्ना विंग होत्या. डॉक्टर, आणि स्वमग्न मुलीची आई. आज आपण 'स्पेक्ट्रम' म्हणतो तो शब्द रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. आपल्याकडेही तसंच झालं. दिल्लीत १९९१ मध्ये 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' सुरू केली मेरी बरुआ यांनी, त्याही आईच. मुंबईतलं 'फोरम फॉर ऑटिझम' पालकांचंच.

बिरवाडीत बेटलहाइम कुणी वाचलेला नव्हता. गरजही नव्हती. आई तेव्हा एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. "पोराला टाकून जाते, मग ते बोलंल कुणाशी?" हे वाक्य मी लहानपणी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की कुणी पहिल्यांदा म्हटलं ते आठवत नाही. कुणी ग्रहण काढलं, कुणी टीव्ही काढला. एका काकूंनी देवऋषी सुचवला, आणि आम्ही गेलोही. कोंबडं गेलं, बाबू तिथे सगळा वेळ उदबत्तीच्या राखेची लांबी बघत बसला. महाडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, मुलगे उशिराच बोलतात. त्यात एक वर्ष गेलं. आईने नोकरी सोडली. शेवटी एसटीने मुंबई, तिथे एका सरकारी रुग्णालयात तीन खेपा, आणि तिसऱ्या खेपेला एका बाईंनी आईला 'स्वमग्न' हा शब्द सांगितला. आईला वाटलं, देवधर्माचं काहीतरी असेल. मग्न म्हणजे चांगलंच ना.

तरी २०१२ साली हातात जे प्रमाणपत्र आलं त्यावर 'मतिमंद' असंच होतं. मला बरीच वर्षं वाटायचं की कारकुनाने चूक केली. चूक कारकुनाची नव्हती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि स्वमग्नता त्यात नव्हतीच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचं नाव आलं, पण टक्केवारीसह प्रमाणपत्र कसं द्यायचं याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं यायला एप्रिल २०१६ उजाडलं. त्याच वर्षी नवा कायदा झाला, सातचे एकवीस प्रकार झाले, आणि त्यात स्वमग्नता आली. मधली सतरा वर्षं आपल्या देशात स्वमग्न मुलं एका कायद्यात होती आणि दुसऱ्यात नव्हती. २०११ च्या जनगणनेतही तिला वेगळा रकाना नव्हता. मोजलंच नाही, तर शिक्षक आणि थेरपिस्ट कुणासाठी नेमणार?

बाबूचं नवं प्रमाणपत्र २०१८ चं. त्यासाठी चाळीस मुद्द्यांची एक भारतीय मोजपट्टी असते, प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. सत्तरच्या खाली बेरीज आली तर स्वमग्नता नाही. नजरेला नजर देतो का, हाका मारल्यावर वळतो का, दुखलं तर कळतं का, असं विचारत जातात. आईने पिशवीतून कालनिर्णयं काढली आणि तारखा सांगायला लागली. समोरच्या बाई आधी हसल्या. मग हसणं थांबवून लिहून घेऊ लागल्या.

आता थोडं मागे. आजोबांना एक धाकटा भाऊ होता. मी जन्मायच्या आधीच गेला. गावात त्याला मुका म्हणायचे, पण आजी सांगते, मुका नव्हता, आकडे बोलायचा. झोडणीच्या वेळी खळ्यावर बसून भाताच्या पेंढ्या मोजायचा आणि त्याची मोजणी कधी चुकली नाही. वाटणीवरून भावाभावांत भांडण झालं की त्याला बोलवायचे. रोज एकाच वाटेने नदीवर जायचा, एकाच दगडावर बसायचा. तो दगड दुसऱ्या कुणी घेतला तर ओरडायचा. लग्न झालं नाही. दोन घरी जेवायचा.

त्याला मी स्वमग्न म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला तपासता येत नाही. पण डोनाल्ड ट्रिपलेटचं पुढे काय झालं ते वाचलं तेव्हा हाच आजोबा आठवला. डोनाल्डला घरच्यांनी काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. कॅनर तिथे बघायला गेले. त्याला मोजमापाचं वेड, म्हणून त्या शेतकऱ्याने त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेली ते मोजून सांगायचं काम दिलं. तो मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर त्याला नांगर धरायला लावला आणि नांगरता नांगरता ओळी मोजू दिल्या. पुढे डोनाल्ड शिकला, गावच्या बँकेत काम केलं, गाडी चालवली, गोल्फ खेळला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी त्याच गावात गेला. अख्खं गाव त्याला ओळखत होतं.

'पूर्वीची गावं किती समजूतदार' असं म्हणायचा मोह मला झाला होता. आजीने तो मोडला. लग्नकार्य असलं की धाकट्या आजोबाला गोठ्यात कोंडायचे. पाहुण्यांसमोर नको म्हणून. हे तिने डाळ निवडता निवडता सांगितलं, त्यात काही विशेष आहे असं न वाटता.

बाबूला कोंडलं नाही कुणी. पण त्याचे बरेच दिवस घरातच गेले. कंपनीचा भोंगा वाजला की तो कान दाबून मोरीत जाऊन बसायचा. महाडच्या बाजारात एकदा आडवा पडला, तेव्हा जमलेल्या गर्दीतल्या एकाने आईला सांगितलं, दोन ठेवून द्या. स्पीच थेरपी म्हणजे आमच्यासाठी एक अख्खा दिवस आणि एसटीत पाऊण तिकीट माफ असूनही खिशाला न परवडणारी गोष्ट. आईचा हजेरीचा दिवस बुडायचा तो वेगळाच, कारण ती पुन्हा शेतावर जायला लागली होती. मग शिकवलं कुणी? थोडं आईने. थोडं पुण्यामुंबईच्या पालकांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने, ज्यावर रात्री दीड वाजताही कुणीतरी जागं असतं. आणि बरंच जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका गुरुजींनी. भोंग्याचं कळल्यावर त्यांनी बाबूच्या हातात शाळेची घंटा दिली. टोले तोच देणार. आवाज कधी येणार हे त्यालाच ठाऊक, म्हणून तो आवाज त्याला चालायचा. सहा महिन्यांत भोंग्याची वेळ तो घड्याळात बघून आधीच कानावर हात ठेवायला शिकला. मोरी सुटली. त्या गुरुजींनी कॅनरचं नावही ऐकलेलं नव्हतं.

घडी बसते आणि आपल्याकडे ती पावसात मोडते. जून २०२० चं निसर्ग वादळ. लॉकडाऊनमध्ये शाळा आधीच बंद, वर कित्येक दिवस लाइट नाही, पंखा नाही. मग २२ जुलै २०२१. महाड पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळीयेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे फोन मुके झाले. त्या आठवड्यातले कालनिर्णयाचे चौकोन रिकामे आहेत. दूधही नाही. एकाच चौकोनात तीन शब्द: 'बाबू झोपला नाही.' त्यानंतर तो पावसाचा आवाज वाढला की दप्तर भरून दारात उभा राहतो. अजूनही.

आता कालनिर्णयं खाली का काढली, ते. अठरा पूर्ण झाली की कायद्याने माणूस सज्ञान, बाबूसुद्धा. बँकेत सही त्याची, सातबाऱ्यावर नाव लागलं तर हक्क त्याचा. आईबाबा आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या त्याच कायद्यात त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. पालक म्हणून कुणाला नेमायचं, तो अर्ज तिथे करायचा. तिथे म्हणजे अलिबागला, शंभर किलोमीटरच्या वर.

आईला अर्जात माझं नाव हवंय. आमच्यानंतर कोण, हा प्रश्न ती मला विचारत नाही, देवापुढेही मोठ्याने म्हणत नाही. नुसतं आधार कार्ड कुठे ठेवलंयस म्हणाली. मी तेवीस वर्षांची आहे. पनवेलला नोकरी करते. घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू आहे आणि एका स्थळाने 'भाऊ तसा आहे' कळल्यावर फोन घेणं बंद केलं. मला ते कागद करायचे नाहीत असं नाही. पण एका बाजूला लिहून द्यायचं की याला स्वतःचं ठरवता येत नाही, आणि दुसऱ्या बाजूला हाच मुलगा गेली पंधरा वर्षं कोणती चप्पल घालायची ते अख्ख्या घराला ठरवू देत नाही. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे. निर्णय त्याच्याशी बोलून, त्याच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा, असं. मला ते जास्त पटतं. आई म्हणाली, "तू वाच सगळं. पण जायचंय तर भाताची कापणी सुरू व्हायच्या आत."

परवा मी बाबूला विचारलं, अलिबागला येणार का. त्याने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने पेन घेऊन भिंतीपाशी गेला, गुरुवारचा चौकोन शोधला आणि दुधाच्या आकड्याच्या जागी शून्य काढलं. खाली आईने लिहिलं, 'अलिबाग. पहिली गाडी.'