ठेक्यावर पडणारी पावलं

जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये कंपवाताचं वर्णन केलं, पण आपल्याकडे पुढे कितीतरी काळ थरथरणारा हात म्हणजे म्हातारपण, अशीच समजूत राहिली. ही समजूत पत्रकं वाटून फारशी हलत नाही; माणूस प्रत्यक्ष हलताना दिसावा लागतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 मध्ये कंपवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. पुण्यात 2010च्या सुमारास नर्तक हृषीकेश पवार यांनी तीच वाट धरली. या आजारात मेंदूतलं डोपामाइन घटतं आणि चालता चालता, विशेषतः दारापाशी किंवा वळताना, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं अडतं. अशा वेळी बाहेरून मिळालेला ठेका किंवा फरशीवर आखलेली रेघ पावलाला इशारा देते, आणि ते सुटतं.

आता कोणी म्हणेल, नाचाने आजार बरा होतो का? नाही होत. 2009 मध्ये संशोधक हॅकनी आणि एअरहार्ट यांच्या अभ्यासात टँगो नाच शिकलेल्या रुग्णांचा तोल सुधारला, एवढंच. गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: अशा वर्गातल्या रुग्णाला नाचासाठी रंगमंचावर उभं करणं म्हणजे दुखण्याचं प्रदर्शन नव्हे का? त्याला करुणेसाठी उभं केलं, तर नक्कीच. पण महिनोन्‌महिने सराव करून तो नर्तक म्हणून येतो तेव्हा प्रेक्षकाला आधी नाच दिसतो, कंप नंतर. घरात लपवलेल्या आजारापेक्षा हे केव्हाही बरं.