दिसू नये म्हणून जन्मलेलं कुंपण

कुत्र्याला अंगणात ठेवण्यासाठी जमिनीखाली तार पुरायची युक्ती अमेरिकेतली. रिचर्ड पेक या फिरत्या विक्रेत्याला १९७३ साली तिचं पेटंट मिळालं. गाड्यांखाली मरणारी कुत्री पाहून त्याला ती सुचली, असं सांगतात. पण एवढ्याने कुळकथा पुरी होत नाही. रस्त्यावर धावणाऱ्या कुत्र्याला साधं लाकडी कुंपणही अडवतं; मग न दिसणारंच का हवं होतं? त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं. १८७० साली फ्रँक स्कॉट याने उपनगरांतल्या बागांवर पुस्तक लिहिलं आणि घरापुढची हिरवळ कुंपणाआड लपवू नये, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्याही डोळ्यांना मिळावी, असा आग्रह धरला. एका घराच्या हिरवळीत दुसऱ्याची मिसळून जाणं ही पुढे अमेरिकन उपनगराची ओळखच झाली. कित्येक वसाहतींच्या रहिवासी संघांनी तर दर्शनी बाजूला कुंपण घालायला नियमानेच बंदी केली. म्हणून या तारेचं मूळ मला विजेपेक्षा त्या हिरवळीत जास्त दिसतं.

तारेत झटका असतो, हा समज सर्रास आढळतो. आपल्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला शेतकरी झटका मशीन लावतात, तिथे तारेला शिवलं की झटका बसतो. इथे तसं नाही. घरातल्या पेटीतून निघालेली तार अंगणाला वेढा घालून पुन्हा पेटीत येते आणि तिच्याभोवती कमी वारंवारतेचा रेडिओसंकेत पसरतो. कुत्रा जवळ आला की तो संकेत गळ्यातला पट्टा टिपतो. आधी सूचनेचा आवाज, आणि पाऊल पुढे पडलंच तर पट्ट्याच्या दोन बोथट धातूच्या टोकांतून मानेला झटका. झटका पट्ट्याच्या बॅटरीचा. पेटीपासून वेढ्यापर्यंतच्या जाण्या-येण्याच्या दोन तारा मात्र एकमेकींना पीळ देऊन पुरतात. त्यांतला प्रवाह उलटसुलट दिशांनी वाहतो, दोन्हींचा परिणाम एकमेकांना मारतो, आणि तेवढ्या पट्टीवरून कुत्रा बिनधास्त ये-जा करू शकतो. मला ही बारीक गोष्ट फार बोलकी वाटते: तार तीच, माती तीच, पण संकेत नाही म्हणून अडथळाही नाही.

म्हणजे खरं कुंपण शिकवणीतून उभं राहतं. साधारण दोन आठवडे हद्दीवर छोटी निशाणं रोवतात, कुत्र्याला दोरीने तिथवर नेतात, आवाज झाला की मागे फिरवतात आणि मग निशाणं हळूहळू उपटतात. याचं दुसरं मूळ प्रयोगशाळेत सापडतं. १९५३ साली रिचर्ड सॉलोमन आणि लायमन विन यांनी कुत्र्यांना खुणेनंतर जबर झटके दिले. खूण होताच उडी मारून झटका चुकवायला कुत्री थोड्याच फेऱ्यांत शिकली, आणि झटका बंद केल्यावरही उड्या मारतच राहिली. कुंपणाचा झटका त्या मानाने सौम्य असतो, पण शिकण्याची जात तीच.

यावर कोणी म्हणेल, साखळीने बांधून ठेवण्यापेक्षा हे बरं. खरं आहे, आणि एकरांनी पसरलेल्या जागेला लाकडी कुंपण परवडत नाही, हेही मान्य. पण छोट्या अंगणात हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. ही तार कुत्र्याला आत ठेवते; बाहेरून चालून येणाऱ्या दुसऱ्या कुत्र्याला अडवत नाही. सशामागे सुसाट सुटलेला कुत्रा झटका सोसून हद्द ओलांडतो, भानावर आला की घराकडे वळतो, आणि परतीच्या वाटेवर तोच झटका त्याची वाट पाहत असतो. उघड्या हिरवळीची किंमत तिथे कुत्रा मोजतो, माणूस नाही. वेल्सने २०१० साली कुत्र्या-मांजरांना झटका देणाऱ्या पट्ट्यांवर बंदी घातली, आणि या कुंपणाचा पट्टाही त्यातून सुटला नाही. पेकला वाचवायची होती ती कुत्री अंगणाच्या कडेला फळ्या ठोकूनही वाचतात. हिरवळ तेवढी शेजाऱ्याला सलग दिसणार नाही.