लामिन यमाल : रोकाफोंडाच्या वस्तीतून युरो चषकापर्यंत

लामिन यमाल हा स्पेन आणि बार्सिलोना क्लबचा विंगर. जन्म १३ जुलै २००७. वडील मूळचे मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. बालपण गेले माटारो शहरातल्या रोकाफोंडा या कष्टकरी, स्थलांतरितांच्या वस्तीत. गोल केल्यावर तो बोटांनी ३०४ दाखवतो. ते याच वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे आकडे.

सातव्या वर्षी तो क्लबच्या ‘ला मासिया’ अकादमीत आला. खेळतो उजव्या बाजूने, पण पाय डावा. म्हणून बचावपटूला चकवून आत वळला की थेट गोलवर फटका!

एप्रिल २०२३ मध्ये, १५ वर्षांचा असताना, तो बार्सिलोनाच्या मुख्य संघातून खेळला. सप्टेंबरमध्ये जॉर्जियाविरुद्ध स्पेनकडून पहिल्याच सामन्यात गोल. २०२४ च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध गोल केला. स्पेनने चषक जिंकला, त्याच्या आदल्याच दिवशी त्याला १७ वर्षे पूर्ण झाली होती. त्या स्पर्धेत तो शाळेचा अभ्यासही सोबत घेऊन गेला होता, आणि पासही झाला. मार्च २०२५ मध्ये स्पेनच्या संघासोबत असतानाही त्याने रमजानचे रोजे ठेवले.

मुलं त्याचे व्हिडिओ बघतातच. त्या ३०४ ची आणि अभ्यासाची गोष्टही त्यांना सांगावी, असं आम्हाला वाटतं.