देवाचं अंडं

बुटीबोरीहून मावशीच्या गावाकडे बंडीने जाताना एक नाला लागायचा. डिसेंबरात त्यात घोट्याएवढंच पाणी.

"ह्या पाण्यात साहेब बुडला?" मी दर वर्षी विचारायचो.

"पावसाळ्यात येऊन पाय मंग, पोट्ट्या," आजी म्हणायची.

साहेब म्हणजे स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली स्कॉटलंडहून नागपुरात आलेले मिशनरी. हिस्लॉप कॉलेजाला नाव त्यांचंच. त्यांनी शाळा चालवली, गोंडांची गाणी टिपून घेतली, रानोमाळ हिंडून दगड गोळा केले. टाकळघाटला गेले तेही दगडांसाठीच. तिथे लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. आजी त्यांना 'दगडांची खळी' म्हणे. ४ सप्टेंबर १८६३ रोजी परतताना पुराच्या पाण्यात साहेब वाहून गेले. "घोडा तेवढा एकटा आला," हे सांगताना आजीचा आवाज असा खाली यायचा, जसं काही कंदील घेऊन तीच शोधायला गेली होती. तिचा जन्म त्यानंतर पन्नासेक वर्षांनी झालेला. आणि ती दाखवायची तो नाला तोच की दुसरा, हे आता कोणाला विचारू?

आजीच्या इतिहासात असं चालायचं. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले, गाडीत एका साहेबाने त्यांना बायबल दिलं, पुढे १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, हे सगळं खरं. पण "माझे बाबा त्या दिवशी फलाटावर होते" ही पुस्ती आजीची. मी एकदा हिशेब मांडला, तर बाबा तेव्हा पाळण्यात निघाले. "मंग पाळणा फलाटावर असंन," आजी म्हणाली आणि लसूण सोलू लागली.

आमच्या घरात एक जुनी कुरबूर होती. आजी स्कॉच मिशनची, आजोबा इंग्लिश चर्चचे. ते प्रार्थनेला गुडघे टेकणार, ही बसूनच मान खाली घालणार. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. मी सात वर्षांचा होतो. आठवतात ते फक्त पाय, कारण गर्दीत मला दुसरं काही दिसतच नव्हतं. घरी येताना आजीने विचारलं, "आता टेकायचं का बसायचं?" आजोबा म्हणाले, "तुले जमंन तसं." त्यांच्या संसारात एवढी माघार त्यांनी पहिल्यांदाच घेतली असावी.

त्याच डिसेंबरात आम्ही गावी गेलो. आम्ही शहरातली पोट्टी. तूर आम्हाला डब्यातली ठाऊक. मावशीने शेतातून शेंगा तोडून आणल्या, मोठ्या गंजात मीठ घालून उकडल्या आणि अंगणात ओतल्या. बोटं भाजत, दातांनी शेंग ओढत खायच्या. दुपारी सोलेभात, वर कच्चं तेल. सांबार, म्हणजे कोथिंबीर, तोडायला मला परसात पाठवलं, तर मी मेथी उपटून आणली. मावशी आठवडाभर हसत होती.

रविवारी कापणीचा सण. देवळात वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, वांगी, टोपलीत पाय बांधलेला कोंबडा. पाळकसाहेब बोलत असताना तो मधूनमधून आरवायचा. टाळ-मृदंगावर भजनं झाली, मग बाहेर लिलाव. एका म्हातारीने पदरात गुंडाळून एकच अंडं आणलं होतं. मास्तरांनी ते आठ आण्यांना घेतलं आणि परत टोपलीत ठेवलं. मग दुसऱ्याने बारा आण्यांना घेतलं, त्यानेही परत ठेवलं.

"तेच अंडं काहून विकून राहिले?" मी विचारलं.

"देवाचं हाय ते," आजी म्हणाली. "फुटेस्तोवर विकतेत."

शेवटी आजोबांनी ते एका रुपयाला घेतलं आणि म्हातारीच्याच हातात ठेवलं. ती लाजली. मग सगळ्यांची एकच पंगत बसली. कोण कुठल्या मिशनचा हे तिथे कोणी विचारलं नाही; गरम रस्सा तेवढा कोणी दोनदा, कोणी तीनदा मागितला.

आता वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत कारखान्यांची रांग आहे. मागच्या नाताळात नातवंडांना घेऊन निघालो. एका पुलावर गाडी थांबवली, खाली घोट्याएवढं पाणी.

"आबा, ह्यात माणूस बुडला?"

"पावसाळ्यात येऊन पाय," मी म्हणालो. आणि घोड्याजवळ आलो तेव्हा माझाही आवाज खाली गेला.