गाळाचे पाहुणे

वैजापूरच्या दक्षिणेची गोदावरी एकेकाळी राज्यांची सीमा होती. पलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, अलीकडे निजामाची मोगलाई. पक्ष्यांना ती अर्थातच मान्य नव्हती! सालिम अली यांनी १९३१-३२ साली हैदराबाद संस्थानाचे पक्षिसर्वेक्षण केले, तेव्हा पैठणचा नाथसागर अस्तित्वातच नव्हता. जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले. नदीच्या वरच्या अंगाला, गोदावरी-कादवा संगमाजवळ, नांदूर मधमेश्वरचा बंधारा मात्र विसाव्या शतकाच्या आरंभीचा.

हा बंधारा गाळाने भरत गेला. अभियंत्यांच्या लेखी तो दोषच. पण त्या गाळातून उथळ दलदल झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांचे अन्नछत्र उघडले. २०२० साली हे स्थळ महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. संस्कृत कवींचा विरही चक्रवाक येथे हिवाळा काढतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लडाख-तिबेटकडे परततो. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून जातो.

आम्हांला मात्र या इतिहासाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. बंधाऱ्यांनी पाणपक्ष्यांना घर दिले, तर पाटाच्या पाण्याने दख्खनचे माळ नांगराखाली आणले. माळढोकासाठी १९७९ साली नान्नजला अभयारण्य झाले. आज तेथेही त्याचे दर्शन दुर्लभ आहे. वाटाडे सहसा पाण्याकाठीच नेतात. फाल्गुनात पळसावर गर्दी करून मग मध्य आशियाकडे निघणाऱ्या भोरड्या पाहायच्या, तर माळावरच उतरले पाहिजे.