सदिश बोसॉनांचे प्रकीर्णन

दुर्बल आंतरक्रियेचे वाहक असलेले डब्ल्यू व झेड हे मूलकण (शोध : सर्न ही यूरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळा, १९८३) परस्परांवर आदळून विखुरले जाण्याची प्रक्रिया.

स्वरूप : हे कण उपजताच लय पावत असल्यामुळे त्यांची शलाका करता येत नाही, म्हणून वेगवान प्रोटॉनांतील दोन क्वार्क जवळून जाताना प्रत्येकी एक बोसॉन उत्सर्जित करतात आणि त्या बोसॉनांची जी गाठ पडते, तीच अभ्यासास उपलब्ध होते. उत्सर्जनानंतर ते क्वार्क शलाकेलगत परस्परविरुद्ध दिशांना कणांचे दोन झोत उमटवितात व मधला प्रदेश बव्हंशी मोकळा राहतो. या खुणेवरून घटना ओळखली जाते.

महत्त्व : हिग्ज कण (मूलकणांना वस्तुमान देणाऱ्या क्षेत्राचा कण) नसेल, तर अनुदैर्घ्य (गतीच्या दिशेतील) ध्रुवण असलेल्या बोसॉनांच्या प्रकीर्णनाची संभाव्यता ऊर्जेबरोबर बेसुमार वाढून सिद्धान्तच विसंगत ठरेल, असे ली, क्विग व थॅकर यांनी १९७७ मध्ये दाखविले. २०१२ मध्ये हिग्ज सापडला. परंतु ही वाढ तो एकटाच आवरतो की आणखी कोणी त्यात भागीदार आहे, याचा निवाडा प्रत्यक्ष मापनानेच व्हावयाचा आहे. समान विद्युत्‌भाराच्या डब्ल्यू-जोडीचे प्रकीर्णन सर्नच्या कोलायडरवर निःसंशय आढळले असले, तरी त्यातील अनुदैर्घ्य अंश अल्प आहे.

भावी यंत्रे : हा अल्प अंश मोजण्यास पुढील यंत्रांचा उपयोग अपेक्षित आहे : सर्नच्या कोलायडरची वर्धित आवृत्ती, सुमारे ९१ किमी. परिघाचे नियोजित वर्तुळाकार यंत्र, रैखिक इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रे, म्यूऑन-यंत्र.

गोडबोले यांचे कार्य : पुण्यात जन्मलेल्या भौतिकीविज्ञ रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी मुंबई विद्यापीठात अध्यापन करीत असताना, १९९१ मध्ये, मानुएल ड्रेस यांच्यासह असे निदर्शनास आणले की, रैखिक यंत्रात अतिदाट कणपुंज समोरासमोर येताच एकाच्या विद्युत्‌चुंबकी क्षेत्रात दुसऱ्याचे कण वळून फोटॉन उत्सर्जित करतात, आणि या फोटॉनांच्या टकरींतून निपजणारे हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण) मूळ घटनेत मिसळून तिचा तपशील मलिन करतात. डब्ल्यू-जोडीच्या क्षयातील झोत पारखताना हीच भेसळ आड येते. तिच्या प्रमाणाविषयी अंदाज भिन्न आहेत. तथापि ऊर्जा वाढविण्याइतकीच शलाकांची रचनाही निर्णायक असते, हे या कार्याने अधोरेखित केले. १९९५ पासून त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत होत्या. पद्मश्री, २०१९.